पदवीनंतरचे पहिले वर्ष कोणाच्या देखरेखीखाली?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र काढले आणि लगोलग ते मागेही घेतले. त्या काही दिवसांत आमच्या व्यवसायातील लहानथोर सगळे जेवढ्या पोटतिडकीने बोलले, तेवढे इतर कोणत्याही विषयावर बोलताना मी त्यांना पाहिलेले नाही. प्रश्न व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा होता आणि त्यावर बोलायला हवेच होते. परंतु पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाच्या घरी जो प्रश्न असतो, तो याहून निराळा असतो. आपल्या माणसाला बिछान्यावरून उठवून बसवणारी ही व्यक्ती हे काम कोणाच्या नजरेखाली शिकली, अशा किती रुग्णांवर शिकली आणि शिकताना तिला वेळीच थांबवणारे कोणी शेजारी उभे होते का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण केलेल्या फिजिओथेरपिस्टांसाठी एकेका शाखेतील, किमान एक वर्षाची, पगारी आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालची रेसिडेन्सी आपल्याकडे सुरू झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि तिची सुरुवात करण्यासाठी लागणारे जवळपास सगळे पुण्यात आजच उपलब्ध आहे.

बॅचलर ऑफ फिजिओथेरपी, म्हणजे बी.पी.टी., ही पदवी आजवर साडेचार वर्षांची होती : चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जो नवा अभ्यासक्रम आणला, त्यात ती पाच वर्षांची होऊन इंटर्नशिप वर्षभराची झाली आहे. हा बदल चांगला आहे. मात्र इंटर्नशिप ही फिरती असते आणि ती तशीच असली पाहिजे, कारण काही आठवडे अस्थिरोग, काही आठवडे मज्जासंस्था, मग अतिदक्षता, बालरोग, समाजातील काम असे सगळे विद्यार्थ्याने निदान एकदा पाहिलेले असावे, हाच तिचा हेतू आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. राज्य परिषदेकडे नोंदणी झाली की त्या दिवसापासून ती व्यक्ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या दीड वर्षाच्या बाळावर, बायपास झालेल्या आजोबांवर आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटलेल्या कबड्डीपटूवर सारख्याच अधिकाराने उपचार करू शकते. एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांनाही असाच व्यापक परवाना मिळतो, पण तेवढ्यावर कोणी सांध्याची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करायला उभे राहत नाही. त्याआधी किमान तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात राबावे लागते, हे समाजाने आणि व्यवसायानेही स्वीकारले आहे. फिजिओथेरपीत परवाना आणि विशेष कौशल्य यांच्यामधला हा टप्पा जवळजवळ रिकामा आहे.

तो रिकामा असल्याचा परिणाम पुण्यात रोज दिसतो. नव्याने नोंदणी झालेल्या मुलामुलींना पहिले काम बहुधा दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे एखादे लहान क्लिनिक, जिथे एकाच वेळी चार-पाच खाटांवर रुग्ण असतात, एकाला शेक, दुसऱ्याला आयएफटी (वेदना कमी करणारा विद्युतप्रवाह), तिसऱ्याला ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणारे यंत्र) लावून चौथ्याकडे वळायचे असते, आणि रुग्णाला हात लावून तपासण्यासाठी उरणारा वेळ फार थोडा असतो. दुसरे म्हणजे होम व्हिजिट. कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, वाकड अशा भागांत रुग्णालयातून लवकर घरी सोडलेले पक्षाघाताचे, खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचे, पार्किन्सनचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. मुले परदेशी किंवा दिवसभर नोकरीवर असतात आणि घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओची निकड खरी असते. एखादी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी दुचाकीवरून दिवसाला सहा-सात घरे करते. तिला मोबदला व्हिजिटमागे मिळतो, म्हणून रुग्णाची फाइल नीट वाचण्याचे, न्यूरॉलॉजिस्टशी बोलण्याचे, घरी जाऊन त्या केसबद्दल वाचण्याचे पैसे तिला कोणी देत नाही. रुग्णाला अचानक घेरी आली, खांदा सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्या खोलीत तिच्याहून अधिक जाणणारे कोणी नसते. ती मनापासून काम करते. कित्येकदा उत्तम काम करते. परंतु आपण जे केले ते बरोबर होते का, हे तिला सांगणारे कोणी नसल्याने पाच वर्षांनंतर तिच्या गाठीशी पाच वर्षांचा अनुभव असतोच असे नाही. पहिल्या वर्षीच्या सवयी पाच वेळा गिरवलेल्या असू शकतात.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडतात, अशा आजाराचे) रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा या उणिवेचा अर्थ शहराला कळायला हवा होता. महिन्या-दीड महिन्यात संशयित आणि निश्चित मिळून रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. दूषित पाणी, कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू, इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा खर्च, व्हेंटिलेटरवरील रुग्णांची संख्या या सगळ्यावर वर्तमानपत्रांनी सविस्तर लिहिले आणि ते आवश्यकच होते. परंतु इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार झाले की या आजारातील दुसरा, लांबलचक भाग सुरू होतो आणि तो बहुतांशी फिजिओथेरपिस्टच्या हाती असतो. वैद्यकीय साहित्यानुसार सहा महिन्यांनंतरही साधारण पाचांपैकी एक रुग्ण आधाराशिवाय चालू शकत नाही.

हा भाग किती नाजूक असतो, ते जरा तपशिलाने सांगायला हवे. अशा रुग्णाच्या ज्या स्नायूंना मज्जातंतूंचा पुरवठा अजून नीट परतलेला नाही, त्यांच्याकडून जोराचे व्यायाम करून घेतले तर ताकद वाढण्याऐवजी ओसरू शकते, म्हणून ‘जितका व्यायाम जास्त तितके चांगले’ हा नातेवाइकांचा आणि कधी कधी नवख्या फिजिओचाही समज इथे घातक ठरतो. त्याची स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके आपोआप सांभाळणारी यंत्रणा, डळमळीत असते. त्याला उभे करताना रक्तदाब एकदम घसरू शकतो, श्वासनलिकेतील कफ ओढताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात. टाचेमागची शीर आखडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून पावलांची स्थिती सांभाळावी लागते, नाहीतर दोन महिन्यांनी पायात ताकद परत येते पण पाऊल जमिनीवर सपाट टेकत नाही. आजार चढता असताना रुग्ण एका श्वासात किती आकडे मोजू शकतो, एवढ्या साध्या गोष्टीवरूनही श्वसनाचे स्नायू थकत चालल्याचा सुगावा लागतो, आणि तो दिवसातून अनेकदा रुग्णापाशी जाणाऱ्या फिजिओला सर्वांआधी लागू शकतो. यातले बरेचसे पुस्तकात आहे. पण समोरच्या रुग्णाचा आजचा थकवा हा काल केलेल्या व्यायामाचा आहे की आजार पुन्हा उचल खात असल्याचा, हे ओळखायला अशा रुग्णांजवळ आठवडेच्या आठवडे, ते ओळखू शकणाऱ्या माणसासह उभे राहावे लागते. फिरत्या इंटर्नशिपमध्ये असा एखादा रुग्ण दिसला तरी भाग्य म्हणावे लागते.

पक्षाघाताचे उदाहरण याहून सार्वत्रिक आहे. रुग्णाला लवकर उठवावे, लवकर चालवावे हे आम्ही सारेच शिकलो आणि शिकवतो. ‘अव्हर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत पाच देशांतील ५६ रुग्णालयांमधले २,१०४ रुग्ण घेऊन हेच तपासले गेले, आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला तिचा निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता : पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि अधिक प्रमाणात उठवलेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के होते, तर नेहमीची काळजी मिळालेल्यांमध्ये ते ५० टक्के होते. म्हणजे व्यायामालाही औषधासारखी मात्रा आहे आणि ती चुकू शकते. कोणत्या रुग्णाला पहिल्या दिवशी किती मिनिटे, कितीदा बसवायचे, हा निर्णय त्याच्या रक्तदाबाकडे, जागृतीकडे, मेंदूतील इजेच्या जागेकडे पाहून घ्यायचा असतो. लुळ्या हाताच्या खांद्याचीही तीच कथा आहे. त्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवले किंवा डोक्यावरच्या कप्पीला हात बांधून व्यायाम करायला लावले, की आधीच सैल झालेल्या सांध्याला इजा होते आणि दुखरा खांदा पुढे कित्येक महिने सगळे पुनर्वसन अडवून ठेवतो. ती कप्पी आजही पुण्यातल्या कितीतरी घरांच्या दारांना टांगलेली दिसते. नेकीने काम करणाऱ्या कोणीतरीच ती सांगितलेली असते.

अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. कंबर दुखते म्हणून सरळ फिजिओथेरपिस्टकडे येणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि वाढावी. पण आपल्या देशात त्या दुखण्यामागे मणक्याचा क्षय असू शकतो. रात्री वाढणारी वेदना, संध्याकाळचा बारीक ताप, घटलेले वजन या खुणा परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी लिहितो. गर्दीच्या संध्याकाळी, ‘पाठीत भरलंय, जरा शेक द्या’ म्हणत आलेल्या तरुण मजुराला त्या खुणा विचारण्याची सवय मात्र लागावी लागते, आणि सवय लावायला कोणीतरी रोज विचारणारे हवे असते.

यावर पहिला आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांकडून येईल : त्यासाठी एम.पी.टी. आहे की. दोन वर्षांचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम शाखानिहाय आहे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत तो वर्षानुवर्षे चालू आहे. मी स्वतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे त्या पदवीचे मोल मी कमी लेखणार नाही. तिच्यामुळे वाचनाची शिस्त लागते, संशोधनाची रीत कळते आणि शिक्षक तयार होतात. परंतु तिची परीक्षा ज्या गोष्टींची होते, त्यांच्याकडेच विद्यार्थ्याचा वेळ ओढला जातो, आणि त्या गोष्टी म्हणजे प्रबंध, सेमिनार, लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा. पहिल्या वर्षाचा मोठा भाग सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), नीतिसमितीची मान्यता आणि सॅम्पलची जुळवाजुळव यांत जातो. कित्येक प्रबंधांत रुग्णांऐवजी महाविद्यालयातील निरोगी विद्यार्थीच घेतले जातात, कारण ठरलेल्या मुदतीत तेवढेच शक्य असते. गाइड प्रबंधाचा असतो; रुग्णापाशी उभे राहून ‘तू आत्ता हा हात इथे का ठेवलास’ असे विचारण्याची जबाबदारी नियमाने कोणावरही नसते. जिथे विभागप्रमुख जातीने राउंड घेतात, तिथे विद्यार्थी तयार होतात आणि पुण्यात असे विभाग आहेत. पण ते त्या व्यक्तीच्या निष्ठेवर चालते, रचनेवर नाही. शिवाय एम.पी.टी.चा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी शुल्क भरून शिकतो, त्यामुळे ज्याला शिक्षक किंवा संशोधक व्हायचे नाही, केवळ उत्तम उपचार करायचे आहेत, त्याच्या घरच्यांना आणखी दोन वर्षांचा खर्च सोसावा लागतो. म्हणून हुशार मुले पदवीनंतर थेट क्लिनिककडे वळतात किंवा परदेशाची तयारी करू लागतात.

रेसिडेन्सीची सर्वांत विकसित पद्धत अमेरिकेत आहे. तिथे फिजिओथेरपीतील विशेषज्ञांचे मंडळ १९७८ मध्ये स्थापन झाले, पहिले विशेषज्ञ १९८५ मध्ये हृदय-श्वसन शाखेत प्रमाणित झाले आणि आज अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, बालरोग, वृद्धोपचार, क्रीडा, कर्करोग, स्त्री-आरोग्य, जखमांची शुश्रूषा धरून दहा शाखा आहेत. विशेषज्ञतेच्या परीक्षेला बसण्यासाठी त्या शाखेतील २,००० तासांची रुग्णसेवा किंवा मान्यताप्राप्त रेसिडेन्सी असे दोन मार्ग आहेत. परवाना मिळवायला यातले काहीच लागत नाही. विशेषज्ञता ऐच्छिक आहे. रेसिडेन्सीत किमान १,५०० तास रुग्णसेवा आणि किमान १५० तास एकास एक मार्गदर्शन अपेक्षित असते, आणि त्या १५० पैकी किमान १०० तास असे असावे लागतात की रुग्णाची मुख्य जबाबदारी रेसिडेंटवर आहे आणि मार्गदर्शक शेजारी उभा राहून पाहतो आहे. मला या सगळ्या पद्धतीतील हे शंभर तास सर्वांत मोलाचे वाटतात. मार्गदर्शकाने करून दाखवणे आपल्याकडेही होते. शिकणाऱ्याला करू देऊन, हस्तक्षेप न करता पाहणे आणि नंतर त्याच्याशी बोलणे फार क्वचित होते, कारण त्यासाठी अनुभवी माणसाचा वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

तिथल्या अनुभवाची दुसरी बाजूही मांडायला हवी. अस्थि-स्नायूंच्या तक्रारी असलेल्या २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रेसिडेन्सी केलेल्या थेरपिस्टांच्या रुग्णांची सुधारणा ती न केलेल्यांच्या रुग्णांपेक्षा अधिक आढळली नाही. त्यापुढची फेलोशिप केलेल्यांच्या रुग्णांत मात्र ती अधिक आढळली. हा निष्कर्ष झाकून ठेवून रेसिडेन्सीची बाजू मांडणे मला योग्य वाटत नाही. माझ्या वाचनातून दोन गोष्टी निघतात. तिथला नवा थेरपिस्ट आधीच पदवीनंतरची तीन वर्षांची डॉक्टरेट करून, देखरेखीखाली बराच काळ रुग्ण पाहून आलेला असतो, म्हणून एका वर्षाने पडणारा फरक तिथे थोडा असू शकतो. आपल्याकडे सुरुवातीची पातळीच वेगळी आहे. दुसरे असे की तो अभ्यास बाह्यरुग्ण विभागातील अस्थि-स्नायूंच्या तक्रारींचा आहे, आणि त्यांपैकी बऱ्याच तक्रारी काळानुसार आपोआपही कमी होतात. अतिदक्षता विभाग, मज्जारज्जूची इजा, पक्षाघाताचे पहिले तीन महिने इथे चुकीच्या निर्णयाची किंमत कितीतरी अधिक आहे. तरीही त्या अभ्यासाचा इशारा खरा आहे : नुसते नाव दिल्याने काही साधत नाही, आणि आपण रेसिडेन्सी सुरू केली तर तिचा रुग्णांना उपयोग होतो का, हे पहिल्या तुकडीपासून मोजावे लागेल.

असे प्रशिक्षण भारतात नवीन ठरेल असेही नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी.एन.बी. या डॉक्टरांसाठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांमुळे, ज्या रुग्णालयांना जोडून महाविद्यालय नाही अशा रुग्णालयांतही वर्षानुवर्षे विशेषज्ञ डॉक्टर तयार होत आहेत. मंडळ रुग्णालयाची खाटांची संख्या, रुग्णांची विविधता आणि मार्गदर्शकांची पात्रता तपासते, विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते आणि शेवटची परीक्षा मंडळ घेते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, तोही रेसिडेन्सीच्या स्वरूपाचाच. परिचारिकांना जे सुचले आणि जमले, ते आपल्याला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

पुण्यापुरते बोलायचे तर विशेष पुनर्वसन हे या शहराला नवे नाही. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून इथे आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे खडकीत स्थिरावलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना व्यवसायाचे शिक्षण देत आली. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालू आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहू लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदकापर्यंत पोहोचले, ते याच सैनिकी पुनर्वसनाच्या परंपरेतून. या संस्थांमध्ये एकाच प्रकारच्या इजेचे रुग्ण एकत्र येतात, म्हणूनच तिथे काम करणाऱ्यांची नजर तयार होते. नागरी रुग्णालयांकडे पाहिले तर ससून आहे, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, शिवाजीनगरला संचेतींसारखी अस्थिरोगाला वाहिलेली संस्था आहे, आणि पुणे-पिंपरी-तळेगाव पट्ट्यात फिजिओथेरपीची इतकी महाविद्यालये आहेत की अनुभवी शिक्षकांची वाण नाही. रुग्ण आहेत, शिकवणारे आहेत, शिकू इच्छिणारे आहेत.

पैशाचा प्रश्न मात्र सोडवावा लागेल, आणि तो सोडवल्याशिवाय सुरू केलेली रेसिडेन्सी मला मान्य होणार नाही. निवासी डॉक्टरांचा इतिहास आपल्यासमोर आहे. १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम साधारणतः नसावे असे म्हटले होते. प्रत्यक्षात ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला विद्यावेतन, वसतिगृह आणि सुरक्षेसाठी पुनःपुन्हा संपावर जावे लागले. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मनुष्यबळ मिळवण्याचा मोह रुग्णालयांना होतोच, आणि फिजिओथेरपीच्या क्षेत्रात मुलींची संख्या मोठी असल्याने, ‘अनुभव मिळतोय ना, मग पगाराचे काय’ हे वाक्य त्यांना अधिक सहजपणे ऐकवले जाते. म्हणून विद्यावेतन सक्तीचे हवे, कामाचे तास लेखी हवेत, आणि बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी प्रशिक्षण मध्ये थांबवून पुन्हा जोडून घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून नियमांत हवी. खर्चाचा अंदाज तितका भीतिदायक नाही. १,५०० तासांची रुग्णसेवा वर्षभरात पसरली तर आठवड्याला एकोणतीस-तीस तास होतात, आणि त्या तासांत रेसिडेंट रुग्णालयाचे खरे काम करत असतो, ज्याचे बिल होते किंवा जे सरकारी रुग्णालयात एरवी कोणाला तरी नेमून करून घ्यावेच लागते. १५० तासांचे मार्गदर्शन म्हणजे आठवड्याला तीन तास. रुग्णालयाचा खरा वाढीव खर्च आहे तो या तीन तासांचा.

माझ्या ओळखीच्या काही तरुणांना आणखी एक भीती वाटते, की आज ऐच्छिक म्हणून आलेली गोष्ट उद्या सक्तीची होईल आणि पाच वर्षे शिकूनही आपल्याला कामापासून अडवले जाईल. ही भीती समजण्यासारखी आहे. त्यामुळे परवान्याशी रेसिडेन्सीचा संबंध जोडू नये, हे कायद्यातच स्पष्ट लिहिले जावे. गावातल्या क्लिनिकमध्ये सर्व प्रकारचे रुग्ण पाहणारा फिजिओथेरपिस्ट हा आरोग्यव्यवस्थेला हवाच आहे आणि त्याला दुय्यम ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परिषदेच्या नोंदवहीत विशेष शाखेची वेगळी नोंद असावी, एवढेच पुरे; रुग्णालये नेमणूक करताना आणि नातेवाईक निवड करताना तिचा उपयोग करतील. काही डॉक्टरमित्रांना वाटते की यातून फिजिओथेरपिस्ट आपल्या क्षेत्रात शिरतील. मला उलट अनुभव आहे. ज्याला आपल्या शाखेची खोली कळते, त्याला तिची हद्दही लवकर कळते, आणि रुग्ण परत डॉक्टरकडे कधी पाठवायचा हे त्यालाच नीट ठाऊक असते.

सुरुवात लहान असावी. माझ्या मते मज्जासंस्था आणि अतिदक्षतेसह हृदय-श्वसन या दोनच शाखा पहिल्या घ्याव्यात. क्रीडा शाखेकडे मुलांचा ओढा सर्वाधिक आहे, बालेवाडीच्या क्रीडासंकुलामुळे शहरात वातावरणही आहे, पण तिथे खासगी पैसा आपणहून येईल. सरकारी आणि महापालिकेच्या पैशाने आधी तिथे शिकवावे जिथे रुग्ण गरीब आहे आणि चूक महाग आहे. ससून, कमला नेहरू आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मिळून प्रत्येक शाखेत दोन-तीन जागा पुरेत. डॉक्टरांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा पातळीवर काम करतात. त्याच धर्तीवर या रेसिडेंटनीही एक टप्पा भोर, जुन्नर, इंदापूरकडच्या रुग्णालयांत काढावा, कारण पुण्यात उपचार घेऊन गावी परतलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाचे पुढे काय होते, हे शहरात बसून कधीच दिसत नाही. प्रत्येक रेसिडेंटने पाहिलेल्या रुग्णांची नोंदवही असावी आणि तीत दाखल होतानाची, घरी जातानाची व तीन महिन्यांनंतरची स्थिती ठरलेल्या मोजमापांनी लिहिलेली असावी. अंतिम परीक्षा अनोळखी रुग्णापाशी, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर व्हावी. आणि राज्य परिषदेने किंवा राष्ट्रीय आयोगाने मान्यता देताना इमारत, यंत्रे आणि खाटा मोजण्याआधी मार्गदर्शकाच्या नेमणूकपत्रात ते आठवड्याचे तीन तास, रुग्णांच्या कामातून मोकळे केलेले, लेखी नमूद आहेत का हे तपासावे. नसतील तर प्रस्ताव परत पाठवावा.